मध्य अमेरिकेतील हस्तकला बाजार : परंपरा, व्यवहार आणि कारागिरांचा हक्क

उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांना जोडणाऱ्या चिंचोळ्या भूपट्टीला मध्य अमेरिका म्हणतात. ग्वाटेमाला, बेलीझ, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका आणि पनामा हे सात देश या पट्टीत सामावलेले आहेत. भूकंप, ज्वालामुखी, परकीय सत्ता आणि यादवी युद्धे यांचे आघात या प्रदेशाने वारंवार सोसले. असे असूनही येथील हातमाग, कुंभारकाम, विणकाम आणि काष्ठकला आजवर टिकून आहेत. त्या टिकण्यामागे कारागिरांच्या कौशल्याइतकाच तेथील बाजारांचाही वाटा आहे.

हस्तकलेचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः वस्तूच्या सौंदर्याकडे जाते. वस्तू कोठे विकली जाते, विकणारा कोण असतो आणि किमतीतील किती हिस्सा करणाऱ्याच्या हाती पडतो, या प्रश्नांकडे मात्र दुर्लक्ष होते. मध्य अमेरिकेतील बाजारांचा अभ्यास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. बाजारात कारागिराला स्वतःची जागा, स्वतःचे नाव आणि आपल्या नक्षीवरील हक्क या तीन गोष्टी मिळाल्या तरच कला जिवंत राहते, असे या अभ्यासातून दिसून येते.

आठवडे बाजारांची साखळी

ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात माया वंशाच्या लोकांची दाट वस्ती आहे. या एका देशात माया कुळातील २२ भाषा बोलल्या जातात. प्रत्येक मोठ्या गावाचा बाजाराचा वार ठरलेला असतो. चिचिकास्तेनांगो येथे गुरुवारी आणि रविवारी, सोलोला येथे मंगळवारी आणि शुक्रवारी, तोतोनिकापान येथे मंगळवारी आणि शनिवारी, तर सान फ्रान्सिस्को एल आल्तो येथे शुक्रवारी बाजार भरतो. वार वेगवेगळे असल्यामुळे एकच व्यापारी आठवड्यात अनेक गावे करू शकतो. आठवडे बाजाराची सवय असलेल्या आपल्या वाचकांना ही रचना नवी वाटणार नाही.

या साखळीमागे श्रमविभागणीचे जुने तत्त्व आहे. मोमोस्तेनांगो हे गाव लोकरीच्या घोंगड्यांसाठी, साल्काहा हे सूत बांधून रंगवलेल्या कापडासाठी, तर चिनाउतला हे स्त्रियांच्या हातच्या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. एका गावाने एक जिन्नस उत्तम करावा आणि इतर गरजेच्या वस्तू बाजारातून घ्याव्यात, अशी ही व्यवस्था होय. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी आतित्लान सरोवराच्या काठावरील पानाहाचेल गावाचा अभ्यास करून १९५३ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. यंत्रे आणि मोठे भांडवल नसतानाही तेथील माया शेतकरी आणि व्यापारी किती बारकाईने नफा-तोट्याचा हिशेब करतात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. ग्रामीण माणूस व्यवहारात अडाणी असतो, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

चिचिकास्तेनांगो : मंदिर, चर्च आणि बाजार

या बाजारांपैकी परदेशी प्रवाशांना सर्वाधिक परिचित असलेला बाजार चिचिकास्तेनांगोचा होय. हे किचे माया लोकांचे गाव आहे. चौकाच्या एका बाजूस सांतो तोमास हे पांढरे चर्च उभे आहे. इ. स. १५४० च्या सुमारास ते जुन्या माया पूजास्थानाच्या जोत्यावर बांधण्यात आले. त्याच्या १८ पायऱ्या माया पंचांगातील वीस-वीस दिवसांच्या १८ महिन्यांच्या निदर्शक मानल्या जातात. बाजाराच्या दिवशी या पायऱ्यांवर फुलविक्या स्त्रिया बसतात आणि कोपाल नावाच्या डिंकाचा धूप दरवळत असतो. चर्चमध्ये ख्रिस्ती प्रार्थना आणि पायऱ्यांवर पूर्वजांचे पूजन, असे दोन्ही विधी येथे शेजारी-शेजारी चालतात. किचे लोकांची सृष्टिकथा सांगणाऱ्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथाची प्रत अठराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मगुरूने येथेच उतरवून घेतली आणि तिचे स्पॅनिश भाषांतर केले.

चौकात बाजाराच्या आदल्या संध्याकाळपासून दुकानांचे सांगाडे उभे राहू लागतात. पर्यटकांना दिसतो तो बाहेरचा भाग कापड, मुखवटे, पिशव्या आणि पट्टे यांचा असतो. आत गेल्यावर भाजीपाला, मका, घेवडा, मिरची, चुना, साबण आणि शिजवलेले अन्न यांची दुकाने लागतात. बाजाराचा खरा कणा हा आतला भाग होय. परदेशी प्रवासी येवोत अथवा न येवोत, स्थानिक गिऱ्हाईक दर आठवड्यास येतेच. केवळ पर्यटकांसाठी उभारलेल्या बाजाराला हा आधार नसतो.

तथापि येथेही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चौकातील प्रत्येक कापडविक्रेता विणकर नसतो. अनेक दुकानदार खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून माल विकत घेऊन तो येथे मांडतात. जिला बाजारात जागा परवडत नाही, तिला मध्यस्थाने देऊ केलेली किंमत स्वीकारावी लागते. जागेच्या अभावी कौशल्य स्वस्त होते, ते असे.

कमरेचा माग आणि वीपिल

माया स्त्रियांच्या अंगातील सैल वस्त्रास वीपिल म्हणतात. ते ज्या मागावर विणले जाते तो माग अत्यंत साधा असतो. ताण्याचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधतात आणि दुसरे टोक पट्ट्याने विणणारीच्या कमरेमागे अडकवतात. ती मागे-पुढे झुकून ताण कमी-अधिक करते. काही काठ्या आणि एक लाकडी फणी एवढीच सामग्री तिला लागते. माग गुंडाळून काखेत मारता येतो. त्यामुळे स्वयंपाक, मुले आणि शेती सांभाळून विणकाम करणे शक्य होते. कापडाची रुंदी हातांच्या पोचेइतकीच असल्यामुळे दोन किंवा तीन पट्ट्या जोडून वीपिल तयार करतात. नक्षीदार वीपिल पूर्ण होण्यास काही आठवडे, प्रसंगी अनेक महिने लागतात. पायाने चालवायचा माग स्पॅनिश लोकांनी आणला. त्यावर मुख्यतः पुरुष काम करतात आणि घागऱ्याचे लांबरुंद कापड विणतात.

प्रत्येक गावाची नक्षी आणि रंगसंगती निराळी असते. वीपिल पाहून स्त्रीचे गाव ओळखता येते. हीच ओळख एकेकाळी जिवावर बेतली होती. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ या काळात यादवी युद्ध झाले. त्यात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि त्यांतील बहुसंख्य माया होती, असे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नमूद केले. त्या काळात संशयित गावांची ओळख लपवण्यासाठी अनेक स्त्रियांनी आपला पारंपरिक वेष टाकला. दुसरीकडे, युद्धात घरचा कर्ता गमावलेल्या स्त्रियांना मागानेच आधार दिला. केत्साल्तेनांगो शहरात १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘त्रामा’ ही विणकर स्त्रियांची सहकारी संस्था अशाच गरजेतून जन्मली. मध्यस्थाशिवाय विक्री करणे आणि मिळकत सभासदांत राहू देणे, हे तिचे सूत्र आहे.

राजधानीतील बाजार

ग्वाटेमालाच्या राजधानीतील मध्यवर्ती बाजार मुख्य चर्चच्या मागे आहे. ४ फेब्रुवारी १९७६ रोजी झालेल्या भीषण भूकंपात देशातील सुमारे २३,००० माणसे दगावली आणि या बाजाराची जुनी इमारतही उद्ध्वस्त झाली. त्याच जागी नवा बाजार बांधताना तो जमिनीखाली बांधण्यात आला. वरच्या मजल्यावर हस्तकलेच्या वस्तू आणि त्याखाली खाद्यपदार्थ व दैनंदिन गरजेच्या जिनसा अशी त्याची मांडणी आहे. पुनर्बांधणीच्या वेळी बाजार शहराबाहेर न हलवता विक्रेत्यांना मूळ ठिकाणीच सामावून घेतल्यामुळे जुने गिऱ्हाईक तुटले नाही. नगरविकासाच्या दृष्टीने हा निर्णय लक्षणीय होय.

राजधानीपासून जवळच असलेले अँटिग्वा शहर १७७३ च्या भूकंपापर्यंत देशाची राजधानी होते. युनेस्कोने १९७९ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. जुन्या वास्तूंमुळे येथे पर्यटक मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे मालाला गिऱ्हाईक मिळते, परंतु दुकानांचे भाडेही वाढते. परिणामी पक्की दुकाने भांडवलदाराकडे आणि पदपथ विणकर स्त्रियांकडे, अशी विभागणी झालेली आढळते. राजधानीत १९७३ पासून कार्यरत असलेले ईश्चेल वस्त्रसंग्रहालय बाजारात जाण्यापूर्वी पाहिल्यास कोणत्या गावची नक्षी कशी असते, याचे ज्ञान होते.

नीळ, बिया आणि बैलगाड्या

शेजारच्या एल साल्वादोरमध्ये एके काळी निळीचा व्यापार हाच अर्थव्यवस्थेचा पाया होता. स्पॅनिश भाषेत निळीला ‘अन्यील’ म्हणतात. हा शब्द अरबीमार्गे आपल्या संस्कृत ‘नील’ शब्दापासून तेथे पोहोचला आहे. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आल्यावर जशी भारतातील, तशीच तेथीलही नीळ-शेती लयास गेली. आज सुचितोतोसारख्या गावांत निळीने रंगवलेली वस्त्रे पुन्हा विक्रीस येतात. याच देशातील ला पाल्मा या गावात चित्रकार फेर्नांदो योर्त यांनी १९७० च्या दशकात कोपिनोल झाडाच्या बियांवर आणि लाकडावर रंगीत चित्रे काढण्याची कला स्थानिक तरुणांना शिकवली. तेथे सहकारी कार्यशाळा उभी राहिली आणि शेतीवर अवलंबून असलेल्या गावात घरोघरी हस्तव्यवसाय सुरू झाला. परंपरा केवळ जुनीच असते असे नाही, ती नव्याने घडवताही येते, याचे हे उदाहरण होय.

निकाराग्वातील मसाया शहर झोपाळ्यासारख्या विणलेल्या झुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मोनिम्बो ही मूळ रहिवाशांची वस्ती कारागिरांची आहे. शहरात दोन बाजार आहेत. दगडी भिंतींच्या जुन्या इमारतीत हस्तकला बाजार भरतो, तर दुसऱ्या मोठ्या बाजारात स्थानिक लोक रोजची खरेदी करतात. जुनी इमारत १९७० च्या दशकातील क्रांतिसंग्रामात जळाली होती. १९९० च्या दशकात तिची दुरुस्ती करून ती कारागिरांना देण्यात आली. पुढे २०१८ च्या राजकीय संघर्षात मसाया होरपळले आणि पर्यटकांचा ओघ आटला. केवळ बाहेरच्या गिऱ्हाइकावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे त्यावरून कळते.

कोस्टा रिकामधील सार्ची हे गाव रंगवलेल्या बैलगाड्यांचे माहेरघर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या गाड्यांतून कॉफी डोंगर ओलांडून प्रशांत किनाऱ्यावरील पुंतारेनास बंदराकडे जात असे. प्रवासास दहा ते पंधरा दिवस लागत. चिखलात रुतू नये म्हणून चाके आऱ्यांविना, भरीव बनवीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गाड्या रंगवण्याची प्रथा सुरू झाली आणि चाकावरील नक्षीवरून गाडीवानाचा मुलूख ओळखू येऊ लागला. युनेस्कोने २००५ मध्ये या परंपरेचा गौरव केला. आज मालवाहतुकीसाठी या गाड्यांची गरज उरलेली नाही. कारागीर लहान प्रतिकृती, पेट्या आणि फर्निचर यांवर तीच नक्षी काढून उपजीविका करतात. राजधानी सान होसे येथील १८८० मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती बाजारातही मसाले, कॉफी, औषधी वनस्पती आणि खाणावळींच्या जोडीने हस्तकलेची दुकाने आहेत.

पनामातील मोला आणि सामूहिक हक्काचा कायदा

पनामा शहराच्या जुन्या भागात समुद्राकाठच्या रस्त्यावर गुना जमातीच्या स्त्रिया ‘मोला’ विकताना दिसतात. निरनिराळ्या रंगांचे कापड एकावर एक ठेवून, वरचे थर कापून आणि कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेली ही नक्षी असते. ती मूलतः स्त्रियांच्या चोळीसाठी, पुढे आणि मागे लावण्याकरिता, जोडीने तयार करतात. पूर्वी अंगावर रंगवीत असत त्या आकृतींतून ही कला विकसित झाली. पनामा सरकारने गुना लोकांच्या पारंपरिक वेषावर आणि चालीरीतींवर बंदी आणण्याचा प्रयत्न केला. तेव्हा त्यांनी १९२५ मध्ये सशस्त्र उठाव केला आणि पुढे आपल्या प्रदेशाची स्वायत्तता मिळवली. मोला ही गुना लोकांच्या स्वाभिमानाची खूण ठरली, ती या इतिहासामुळे.

या नक्षीच्या यंत्रनिर्मित नकला बाजारात आल्या तेव्हा प्रश्न उभा राहिला. पेटंट किंवा लेखनाधिकाराचे नेहमीचे कायदे एका व्यक्तीला, ठरावीक मुदतीपुरता आणि नव्या निर्मितीवर हक्क देतात. मोलाचा कर्ता मात्र एक व्यक्ती नाही, आणि ती नवीही नाही. पनामाने यावर २६ जून २००० रोजी २० व्या क्रमांकाचा कायदा करून उपाय शोधला. या कायद्यान्वये मूळ जमातीच्या वतीने तिची पारंपरिक प्रातिनिधिक सभा नक्षीची नोंदणी करू शकते. हा हक्क सामूहिक असतो आणि त्याला कालमर्यादा नसते. तथापि देशाच्या कायद्याचा अंमल देशाच्या सीमेपर्यंतच चालतो. २०१९ मध्ये एका बहुराष्ट्रीय पादत्राणे कंपनीने मोलासारखी नक्षी असलेला बूट जाहीर केला, तोही पोर्तो रिकोची संस्कृती म्हणून. गुना प्रतिनिधींनी जाहीर आक्षेप घेतल्यावर कंपनीने तो बूट मागे घेतला.

ग्वाटेमालातील विणकर स्त्रियांनीही हाच मार्ग धरला. वीपिलची नक्षी छापलेले स्वस्त कृत्रिम कापड बाजारात आल्याने हाताने विणलेल्या वस्त्राची किंमत घसरत होती, तर काही व्यावसायिक गावोगावच्या नक्षी आपल्या मालावर वापरत होते. २०१६ मध्ये त्यांनी घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. मूळ समाजांच्या सामूहिक बौद्धिक संपदेला संरक्षण देणारा कायदा करावा, असे न्यायालयाने २०१७ मध्ये संसदेला सुचविले. गावच्या माग-कट्ट्यावर बसणाऱ्या स्त्रियांनी देशाच्या सर्वोच्च व्यासपीठापर्यंत आपला प्रश्न नेला, ही घटना लोकशाहीच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

जाणकार ग्राहक असल्याशिवाय प्रामाणिक कारागिराला न्याय मिळत नाही. यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. कमरेच्या मागावरील कापडाला चारही बाजूंनी विणलेले काठ असतात, कोठेही कापलेली कड नसते. नक्षी छापलेली असल्यास कापडाची मागील बाजू फिकट व सपाट दिसते, विणलेली असल्यास मागे धाग्यांच्या गाठी आणि फेरे जाणवतात. चांगल्या मोलामध्ये टाके जवळजवळ अदृश्य असतात आणि थर बोटांना कळतात.

किमतीची घासाघीस तेथील व्यवहाराचा भाग आहे. परंतु महिनाभराच्या श्रमाची किंमत निम्म्यावर आणणे हे चातुर्य नव्हे. विक्रेतीस “हे कोणी विणले? कोणत्या गावचे?” असे विचारावे. जिला उत्तर देता येते ती बहुधा स्वतः विणकर असते किंवा विणकराच्या जवळची असते. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी. चलन प्रत्येक देशात निराळे आहे. ग्वाटेमालात केत्साल, होंडुरासमध्ये लेंपिरा, निकाराग्वात कोर्दोबा आणि कोस्टा रिकात कोलोन चालते. एल साल्वादोरमध्ये २००१ पासून अमेरिकन डॉलर चलनात आहे आणि पनामातही तोच सर्रास वापरला जातो. लहान विक्रेत्यांसाठी सुटे पैसे जवळ ठेवणे हेही सौजन्यच होय.

आपल्यासाठी बोध

हा प्रदेश आपल्यापासून दूर असला तरी प्रश्न दूरचा नाही. भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून तो अंमलात आला. पैठणी, वारली चित्रकला आणि कोल्हापुरी चप्पल यांना त्याखाली मानांकन मिळालेले आहे. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील एका नामांकित कंपनीच्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मूळ कारागिरांच्या उल्लेखाविना झळकली. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. पनामाचा अनुभव आणि आपला अनुभव येथे एकमेकांना भेटतात. नोंदणी आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही. नोंदणीमागे जागरूक आणि संघटित कारागीर असावे लागतात.

ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी बाजाराची आखणी करताना कारागिरासाठी परवडणारी, कायमची आणि गिऱ्हाइकाच्या वाटेवरची जागा राखून ठेवावी. बाजार हलवणे अपरिहार्य झाल्यास विक्रेत्यांना विश्वासात घ्यावे. वस्तूसोबत कारागिराचे आणि गावाचे नाव लागेल, असे पाहावे. सहकारी संस्थांच्या द्वारे थेट विक्रीस उत्तेजन द्यावे. पर्यटकांचे स्वागत जरूर करावे, परंतु स्थानिक गिऱ्हाईक हाच बाजाराचा पाया मानावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जवळच्या आठवडे बाजारात नेऊन एखाद्या वस्तूची किंमत कशी ठरते, तिच्यातील किती पैसे करणाऱ्याला मिळतात, याची नोंद करावयास सांगितल्यास भूगोल, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा एक उत्तम पाठ त्यांना प्रत्यक्ष गिरवता येईल.

कमरेला पट्टा बांधून विणणारी माया स्त्री ताण्याला स्वतःच्या देहाचा ताण देते. तिच्या नक्षीचे मोल तिच्याच घरी पोहोचावे, यासाठी आवश्यक असणारी व्यवस्था उभारणे हे मात्र समाजाचे आणि शासनाचे काम आहे. ते झाले तर माग चालत राहील आणि बाजारही भरत राहील.